आयआरक्यू ८६ नेमका कुणाचा? कर्नलमधल्या इंटरप्ट नंबरांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" बरेचसे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजचा भाग अर्ध्या तासाचा आहे आणि तुम्ही तेवढ्या वेळात वाकड ब्रिजसुद्धा ओलांडणार नाही.

मागच्या भागात इंटरप्ट म्हणजे काय ते बघितलं. प्रोसेसर आपलं काम करत असतो, एखादं डिव्हाइस सांगतं "अहो, इकडे बघा", प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, त्या डिव्हाइसचं ऐकतो, परत येतो. त्यावर खूप जणांनी एकच प्रश्न विचारला: हाक मारली ते कळलं, पण कुणी मारली हे कर्नलला कसं कळतं? आजचा सगळा भाग याच एका प्रश्नावर.

सोपं उत्तर असं की प्रत्येक डिव्हाइसला एक नंबर असतो, आयआरक्यू नंबर. हे उत्तर एके काळी बरोबर होतं. जुन्या पीसीमध्ये ८२५९ नावाची इंटरप्ट कंट्रोलर चिप असायची. एका चिपला आठ लाइन. दोन चिप जोडलेल्या, म्हणजे सोळा. त्यातली एक लाइन दुसरी चिप पहिलीला जोडण्यातच जायची, म्हणून वापरायला उरायच्या पंधरा. कीबोर्ड १, माउस १२, हार्डडिस्क १४, साउंड कार्ड बहुतेक वेळा ५. हे नंबर अख्ख्या जगात तेच. तापकीर गल्लीतून आणलेलं कार्ड असो नाहीतर अमेरिकेतून आलेलं, कार्डावरचा छोटा जंपर हलवायचा आणि नंबर निवडायचा. दोन कार्डांनी एकच नंबर धरला की गेम चालू केला रे केला, कॉम्प्युटर ठप्प. ज्यांनी तो काळ बघितलाय ते आजही आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट म्हटलं की सुस्कारा सोडतात.

त्या काळात हार्डवेअरचा नंबर आणि सॉफ्टवेअरचा नंबर एकच होता. ड्रायव्हरमध्ये सरळ "५" लिहिलं तरी चालायचं. म्हणूनच अजूनही खूप जणांच्या डोक्यात, आणि खूप कोडमध्येसुद्धा, आयआरक्यू नंबर म्हणजे हार्डवेअरची एक पक्की गोष्ट असा समज बसलाय. आज तसं नाहीये. का नाहीये ते सांगतो.

पुण्याच्या पेठांमधला पत्ता कधी शोधलाय? केसरीवाड्याचा पत्ता आहे ५६८, नारायण पेठ. आता तुम्ही रिक्षावाल्या काकांना नुसतं "५६८ ला सोडा" म्हणालात तर ते जे उत्तर देतील ते मी इथे सांगत नाही. प्रत्येक पेठेची नंबरांची मोजणी स्वतंत्र. पेठ सांगितल्याशिवाय घराच्या नंबराला काही अर्थच नाही. पिनकोडनेही भागत नाही, कारण ४११०३० मध्ये सदाशिवही येते आणि नारायणही. पेठ आणि नंबर ही जोडी मिळाली तरच पत्ता होतो.

आजच्या चिपमध्ये हेच चालतं. तुमच्या फोनमधल्या एसओसीमध्ये एकच इंटरप्ट कंट्रोलर नसतो. एआरएममध्ये मुख्य कंट्रोलर असतो जीआयसी, म्हणजे जेनेरिक इंटरप्ट कंट्रोलर. त्याच्याखाली जीपीआयओ कंट्रोलर, ज्याच्या प्रत्येक पिनवरून इंटरप्ट येऊ शकतो. त्याच्याखाली आयटूसी बसवर एखादा जीपीआयओ एक्सपांडर, त्याच्याही आठ-सोळा पिना. शिवाय पॉवर मॅनेजमेंटची चिप आहे, तिचे स्वतःचे इंटरप्ट. या सगळ्यांची मोजणी आपापली. जीआयसीमध्येही ३ नंबर आहे, जीपीआयओमध्येही आहे, एक्सपांडरमध्येही आहे. नुसतं "३ नंबर वाजला" म्हणून काय करणार?

लिनक्स कर्नलमध्ये या पेठेला नाव आहे आयआरक्यू डोमेन. एक कंट्रोलर, एक डोमेन. त्या कंट्रोलरच्या आतल्या नंबराला म्हणतात हार्डवेअर आयआरक्यू, कोडमध्ये एचडब्ल्यूआयआरक्यू. आणि कर्नल स्वतःसाठी जो नंबर देतं तो व्हर्च्युअल आयआरक्यू, बोलताना व्हर्क. ही कल्पना आधी पॉवरपीसीच्या कोडमध्ये आयआरक्यू होस्ट या नावाने होती. ग्रँट लाइकली यांनी ती सगळ्या आर्किटेक्चरसाठी सामाईक केली आणि २०१२ मध्ये ३.४ व्हर्जनमध्ये पॉवरपीसीचा जुना कोडही त्यात विलीन झाला. कोड वाचायचा असेल तर कर्नल सोर्समध्ये कर्नल, आयआरक्यू आणि त्यात आयआरक्यूडोमेन डॉट सी. फाइल मोठी आहे, पण घाबरण्यासारखी नाही.

आता व्हर्च्युअल नंबर म्हणजे काय? तो पत्ता नाही. तो दवाखान्यातला टोकन नंबर आहे. सकाळी गेलात, कंपाउंडरने ४७ नंबर दिला. तो आजच्यापुरता, त्याच दवाखान्यापुरता. उद्या गेलात तर १२ मिळेल. कुणी आपल्या व्हिजिटिंग कार्डवर "टोकन ४७" छापून घेतो का? घराचा पत्ता छापतो. पण ड्रायव्हर लिहिताना माणसं टोकन छापून बसतात. त्याची गोष्ट पुढे येतेच आहे.

आधी एक खरं उदाहरण. तुमच्याकडे, मित्राकडे किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये रास्पबेरी पाय ४ असेल तर टर्मिनल उघडा आणि टाइप करा: कॅट, स्लॅश प्रॉक स्लॅश इंटरप्ट्स. एक तक्ता दिसेल. सगळ्यात डावीकडे एक नंबर, तो व्हर्च्युअल, आपला टोकन. मग प्रत्येक सीपीयूवर किती वेळा वाजला ते आकडे. मग कंट्रोलरचं नाव, म्हणजे पेठ. मग हार्डवेअर नंबर. मग एज की लेव्हल. शेवटी ज्याने तो मागितला त्या ड्रायव्हरचं नाव.

सिरियल पोर्टची ओळ बघा, पीएल०११ नावाची. पेठ जीआयसीव्ही२, घर नंबर १५३. डावीकडचा नंबर तुमच्या पायवर एक असेल, माझ्या पायवर वेगळा, कर्नल बदललं की अजून वेगळा. पण १५३ हलणार नाही, तो सिलिकॉनमध्ये आहे.

आता त्याच पायची डिव्हाइस ट्री फाइल उघडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय कुठे जोडलंय याचं कर्नलला दिलेलं वर्णन. त्यात याच सिरियल पोर्टसमोर लिहिलंय: एसपीआय १२१. तिकडे १५३, इकडे १२१. एम्बेडेडमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण इथे एक तरी संध्याकाळ घालवतो. इंटरव्ह्यूमध्येही हा प्रश्न लाडका आहे, म्हणून जरा थांबू या.

जीआयसीने आपली पेठ तीन आळ्यांत वाटली आहे. ० ते १५ हे सॉफ्टवेअरने एका कोअरकडून दुसऱ्याला हाक मारण्यासाठी, एसजीआय. १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खाजगी, पीपीआय. उदाहरणार्थ प्रत्येक कोअरचा स्वतःचा टायमर. ३२ पासून १०१९ पर्यंत सगळ्यांचे सामाईक, एसपीआय. सिरियल पोर्ट, इथरनेट, एसडी कार्ड सगळे इथे. डिव्हाइस ट्री लिहिताना तुम्ही आधी आळीचं नाव सांगता आणि मग त्या आळीतला नंबर, शून्यापासून मोजून. एसपीआय आळीतला १२१ वा म्हणजे १२१ अधिक ३२, बरोबर १५३. टायमर पीपीआय १४ आहे, म्हणून १४ अधिक १६, तक्त्यात ३० दिसतो. इथरनेट एसपीआय १५७ आणि १५८, तक्त्यात १८९ आणि १९०. बसलं गणित?

ही बेरीज कोण करतं? डोमेनचा ट्रान्सलेट नावाचा कॉलबॅक. प्रत्येक कंट्रोलर आपल्या डोमेनबरोबर काही फंक्शन देतो. ट्रान्सलेट सांगतो की डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा. जीआयसीसाठी तीन आकडे असतात: पहिला आळी, दुसरा नंबर, तिसरा सिग्नलचा प्रकार. प्रकारात १ म्हणजे चढती एज, २ उतरती, ४ म्हणजे हाय लेव्हल, ८ म्हणजे लो लेव्हल. दुसऱ्या कंट्रोलरला दोनच आकडे लागतील, तो त्याचा प्रश्न. पेठेचा हिशोब पेठेनेच ठेवायचा. मला हे डिझाइन आवडतं, कारण वरच्या कोडला या भानगडी माहीत असायची गरजच नाही.

त्याच तक्त्यात अजून एक गंमत आहे, एसडी कार्डाची ओळ. हार्डवेअर नंबर १५८ आणि पुढे दोन नावं, एमएमसी० आणि एमएमसी१. एकाच घरात दोन बिऱ्हाडं. बेल वाजली की दोघेही दार उघडून बघतात, ज्याचं काम नसेल तो परत जातो. शेअर्ड इंटरप्ट म्हणतात ते हेच.

आता मॅपिंग तयार कसं होतं? बूट होताना ड्रायव्हर विचारतो, "माझा आयआरक्यू द्या." कर्नल डिव्हाइस ट्री बघून आधी डोमेन शोधतं, मग ट्रान्सलेट करून हार्डवेअर नंबर काढतं. मग बघतं, या जोडीला आधीच टोकन दिलंय का? दिलं असेल तर तेच परत. नसेल तर नवीन टोकन फाडतं, म्हणजे एक आयआरक्यू डिस्क्रिप्टर बनवतं, दोन्ही बाजूंची नोंद करतं आणि कंट्रोलरला सांगतं की हा आता तुझा. त्या फंक्शनचं नाव आयआरक्यू क्रिएट मॅपिंग. टोकन शून्य कधीच देत नाहीत. शून्य परत आलं तर समजायचं की मॅपिंग झालं नाही. शून्य म्हणजे "आयआरक्यू नाही" याबद्दल लिनस टोरवाल्ड्स खूप वर्षं आग्रही होते. पीसीवर टायमर शून्यावर आहे, तेवढा एक जुना अपवाद.

उलट दिशा प्रत्यक्ष इंटरप्ट आल्यावर. जीआयसीचा ड्रायव्हर एक रजिस्टर वाचतो, त्यात येतं १५३. (१०२३ आलं तर अर्थ असा की दारात कुणीच नाही, परत जा.) मग डोमेनला विचारायचं, १५३ चं टोकन कुठलं? हे काम सेकंदाला हजारो वेळा होऊ शकतं, त्यामुळे शोध झटपट लागायला हवा. हार्डवेअर नंबर थोडे आणि सलग असतील तर सरळ एक अॅरे ठेवतात, त्याला लिनिअर म्हणतात. १५३ व्या कप्प्यात हात घातला की टोकन हातात. पण नवीन जीआयसीव्ही३ मध्ये एलपीआय नावाचे इंटरप्ट ८१९२ पासून सुरू होतात. वापरात मोजकेच, पण आकडे प्रचंड. तेवढे कप्पे रिकामे ठेवणं म्हणजे मेमरी वाया. तिथे रॅडिक्स ट्री वापरतात. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात "याचा उपयोग काय" असं वाटायचं ना? हा घ्या उपयोग.

आणि साखळी असेल तर हीच पायरी पुन्हा पुन्हा. एक्सपांडरची पिन ३ हलली, एक्सपांडरने जीपीआयओची एक पिन ओढली, जीपीआयओने जीआयसीची एक लाइन ओढली. कर्नल उलटं चालत जातं. जीआयसीला विचारतं, कळतं जीपीआयओ. जीपीआयओचं स्टेटस रजिस्टर वाचतं, कळतं एक्सपांडर. मग आयटूसीवरून एक्सपांडरला विचारतं, कळतं पिन ३. हा शेवटचा टप्पा संथ असतो, आयटूसीवर उत्तराची वाट बघावी लागते. म्हणून तो थेट इंटरप्टमध्ये न करता वेगळ्या थ्रेडमध्ये करतात.

आता ती टोकनवाली गोष्ट. आमच्या टीमकडे एक प्रॉडक्ट सपोर्टला आलं होतं. दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरवर लावायचा एक छोटा बॉक्स, आत एआरएमची चिप आणि लिनक्स. काम साधं: दुधाचं तापमान बघायचं आणि लाईट गेली की लगेच केंद्रचालकाच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा, म्हणजे तो उठून जनरेटर चालू करेल. कूलरमध्ये दूध चार डिग्रीच्या आसपास ठेवायचं असतं. उन्हाळ्याच्या रात्री लाईट गेली आणि कुणाला कळलंच नाही, तर सकाळी टँकरवाला ते दूध घेत नाही. घरी दोन म्हशी असलेल्या माणसाचं ते अख्ख्या दिवसाचं उत्पन्न असतं, हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

बॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट झालं, कर्नल नवीन आलं. त्यानंतर तक्रार आली की रात्री लाईट गेली, मेसेज आला नाही, दूध गेलं. सगळ्यांनी आधी सिमकार्डला दोष दिला, मग रेंजला. मग बॉक्स पुण्यात आमच्या टेबलावर आला. मेन्सची पिन काढली, मेसेज नाही. लॉगमध्ये एकही एरर नाही. ड्रायव्हर लोड झालेला, सगळं हिरवंगार.

मग तोच तक्ता उघडला. डावीकडे ८६, शेवटी ड्रायव्हरचं नाव "पॉवर फेल", आणि मधला आकडा शून्य. पिन काढली, लावली, दहा वेळा. शून्यच. तेव्हा नजर गेली हार्डवेअर नंबरच्या रकान्याकडे. तिथे होती जीपीआयओची पिन ११. सर्किटच्या नकाशात लाईट गेल्याचा सिग्नल होता पिन १० वर.

ड्रायव्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या कोडमध्ये ८६ हा आकडा सरळ लिहिलेला होता. त्यांच्या टेबलावर, जुन्या कर्नलवर, पिन १० ला टोकन ८६ मिळत होतं. नवीन अपडेटमध्ये डिव्हाइस ट्रीमध्ये एक जास्तीचा सिरियल पोर्ट चालू केला होता. रांगेत एक माणूस पुढे शिरला, मागच्यांचे टोकन एकाने सरकले. पिन १० चं झालं ८७. आणि ८६ गेलं पिन ११ ला, जी दरवाजाच्या स्विचसाठी राखीव होती. तो स्विच या मॉडेलमध्ये बसवलेलाच नव्हता, त्याचा ड्रायव्हरही लोड होत नव्हता.

इथली बारीक गोष्ट बघा. ८६ ला मॅपिंगच नसतं तर कर्नलने एरर दिली असती. दुसऱ्या ड्रायव्हरने तो शेअर न करता धरला असता तर "बिझी" असं उत्तर मिळालं असतं. पण नंबर अस्तित्वात होता आणि मोकळा होता. त्यामुळे कर्नल म्हणालं, घ्या. आणि ड्रायव्हर एका अशा दारावर कान लावून बसला जिथे कुणी कधी येणारच नव्हतं. कर्नलची यात काही चूक नाही. त्याने मागितलेलं टोकन दिलं.

दुरुस्ती चार-पाच ओळींची. आकडा काढून टाकायचा, डिव्हाइस ट्रीमध्ये "हा सिग्नल जीपीआयओच्या पिन १० वर आहे" असं लिहायचं आणि ड्रायव्हरमध्ये प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू या फंक्शनने विचारायचं. मग टोकन ८६ मिळो की ८६०, फरक पडत नाही. ड्रायव्हरने तो आकडा बघायचीसुद्धा गरज नाही. जो मिळाला तो रिक्वेस्ट आयआरक्यूला द्यायचा आणि विसरायचं. ज्यांचं दूध गेलं त्यांच्या नुकसानीचं पुढे काय झालं, ते आमच्यापर्यंत आलं नाही.

मला राग येतो तो याचा की हे सगळं टेबलावर दोन मिनिटांत कळलं असतं. अपडेट टाकल्यावर एकदा पिन काढून बघायची, बस. पण टेस्टच्या यादीत होतं "ड्रायव्हर लोड होतो का", आणि तो होत होता.

याच्या उलटाही प्रकार असतो, तोही सांगून ठेवतो. इंटरप्ट येतोय, पण "माझा आहे" असं एकही ड्रायव्हर म्हणत नाहीये. कर्नल थोडा वेळ सहन करतं. एक लाख वेळा वाजला आणि त्यातल्या ९९,९०० पेक्षा जास्त वेळा कुणीच विचारपूस केली नाही, तर लॉगमध्ये लिहितं "नोबडी केअर्ड" आणि ती लाइनच बंद करून टाकतं. कर्नलमधला सगळ्यात भावनिक एरर मेसेज हाच असावा. तो दिसला की मॅपिंग चुकलंय किंवा एज-लेव्हलचा घोळ आहे, या दोन शंका आधी घ्यायच्या.

एकाने मेसेजमध्ये विचारलंय, हे सगळं एआरएमपुरतंच का? नाही. आरआयएससी-फाईव्हमध्ये पीएलआयसी नावाचा कंट्रोलर असतो, त्याचंही डोमेनच बनतं. तिथे हार्डवेअरनेच शून्य नंबर "इंटरप्ट नाही" यासाठी राखून ठेवलाय. आपल्याकडे सीडॅकचे वेगा प्रोसेसर आणि आयआयटी मद्रासचे शक्ती प्रोसेसर आरआयएससी-फाईव्हचेच आहेत. सीडॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी वेगाचं काम तिरुवनंतपुरमच्या केंद्रात झालं. अशी नवीन चिप आली की तिच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री कुणालातरी लिहावीच लागते. कर्नलमध्ये काम करायचंय पण सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांनी इकडे बघायला हरकत नाही.

साध्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर तिथेही तक्ता बघा. कीबोर्ड अजून १ वरच दिसेल, बऱ्याच मशीनवर. जुन्या पीसीचे पहिले सोळा नंबर आजही तसेच सांभाळून ठेवलेत, त्याला लेगसी मॅपिंग म्हणतात. फोनवर टर्मक्स टाकून बघायला जाल तर रूट नसलेल्या अँड्रॉइडवर परवानगी नाकारली जाईल, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

आणि ज्यांच्याकडे बोर्ड आहे त्यांच्यासाठी अजून एक. कर्नल बनवताना जेनेरिक आयआरक्यू डीबगएफएस हा ऑप्शन चालू करा. मग सिस, कर्नल, डीबग, आयआरक्यू, डोमेन्स या फोल्डरमध्ये सगळ्या पेठा नावानिशी दिसतात. तो ऑप्शन नसेल तर सिस, कर्नल, आयआरक्यू या फोल्डरमध्ये प्रत्येक टोकनचा वेगळा फोल्डर असतो आणि त्यात एचडब्ल्यूआयआरक्यू नावाची फाइल. एक बटण जीपीआयओला जोडा, दाबा, आकडा वाढतो का बघा. मग डिव्हाइस ट्रीमध्ये एखादं जास्तीचं डिव्हाइस चालू करून रीबूट करा आणि तेच बटण आता कुठल्या टोकनवर आहे ते बघा. काय दिसलं ते मेसेजमध्ये लिहा, बोर्डाचं नाव आणि कर्नल व्हर्जनसकट.

पुढच्या भागात एमएसआय. तिथे इंटरप्टची वायरच नसते, डिव्हाइस मेमरीत एक आकडा लिहितं आणि तोच इंटरप्ट होतो. तेव्हा भेटू. चला, वाकड आलं असेल तर उतरा.